मायाच्या हातचे स्फटिक

खिडकीच्या फळीवरचा गोल बुडाचा फ्लास्क कृष्णातने सकाळी आल्याआल्या उचलला, उजेडात धरला आणि हलकेच तिरका केला. आतला पदार्थ आळसावलेल्या मधासारखा काचेवरून सरकला आणि पुन्हा बुडाशी जाऊन बसला. काल होता तसाच, परवा होता तसाच. स्वच्छ, सोनेरी झाक असलेला पाक. स्फटिकाचा कणही नव्हता.

"काय रं, धरलं का?" मागून यशराजने विचारले. तो उंब्रजचा, प्रयोगशाळेत कृष्णातच्या मागून आलेला, आणि कुठलीही गोष्ट हसल्याशिवाय न बोलणारा.

"नाही."

"भावा, तू माझं ऐक. आमच्याकडं गुऱ्हाळ चालू झालंय. काहिलीत वत, दुपारपर्यंत ढेप पाडून देतो. सरांना सांग, स्फटिक न्हाई पण गूळ झकास झालाय."

कृष्णात नेहमीसारखा ओठांच्या एका कोपऱ्यात हसला आणि फ्लास्क पुन्हा फळीवर ठेवला.

त्या फ्लास्कात जे होते ते मुळात साखरच होती. कडेगावजवळच्या आपल्या रानात आयुष्यभर ऊस लावणाऱ्या लालासाहेबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, त्याने एकदा आपले काम समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साखर झाली की झालं की रं. तिच्यापासनं आनि काय करायचं असतंय?" त्या प्रश्नाचे उत्तर कृष्णातला तेव्हा देता आले नव्हते. मनात मात्र ते अनेकदा जुळवून झाले होते. साखरेचा रेणू म्हणजे एक सहा कोपऱ्यांचे वलय. त्याच्या एका कोपऱ्याला कार्बनचे दुसरे वलय जोडायचे. तेही असे, की पोटातल्या रसांना तो सांधा सहजासहजी तोडता येऊ नये. मधुमेहाच्या काही औषधांत असाच सांधा असतो. जोडण्याचे काम पॅलेडियम नावाचा धातू करतो. तो चिमूटभर असला तरी पुरतो, कारण दोघांना एकत्र आणून तो स्वतः बाजूला होतो आणि पुढच्या जोडीकडे वळतो.

अवघड भाग वेगळाच होता. नवे वलय त्या कोपऱ्यावर वरून बसू शकते किंवा खालून. अणू तेच, त्यांची संख्या तीच. पण वरून बसलेला रेणू आणि खालून बसलेला रेणू ही दोन वेगळी माणसे असतात. एक कुलूप उघडणारी किल्ली असते, दुसरी नुसतीच किल्लीसारखी दिसणारी. कृष्णातच्या साऱ्या प्रबंधाचा अर्थ एवढ्यावर उभा होता, की त्यांच्या पद्धतीत वलय केवळ खालूनच बसते.

इतर संयुगांच्या बाबतीत हे सिद्ध झाले होते. पहिल्याच संयुगाबाबत, ज्याच्यापासून सगळे सुरू झाले त्याच्याबाबत, नियतकालिकाच्या परीक्षकाने शंका काढली होती. रेणूची रचना दाखवणाऱ्या आलेखात नेमके दोन संकेत एकमेकांवर बसले आहेत, तेव्हा यावरून बाजू ठरत नाही. स्फटिकाचे क्ष-किरण चित्र दाखवा. क्ष-किरणांना स्फटिक लागतो. पाकाचे चित्र निघत नाही.

"महिनाअखेरपर्यंत बघू," सर म्हणाले होते. "मिळाला तर उत्तम. नाहीतर 'या संयुगाची बाजू निश्चित करता आली नाही' असं लिहून ते बाहेर काढू. बाकीच्यावर तुझा प्रबंध होतोच आहे."

होत होता. पण बाकीची सगळी संयुगे कृष्णातने एकट्याने केली होती. हे एकच मायाने आणि त्याने मिळून केले होते. दोघांनी मिळून केलेली ती जगातली एकुलती एक गोष्ट होती, आणि तिच्यापुढे 'निश्चित करता आली नाही' असे लिहिले जाणार होते.

*

तेव्हा सर साताऱ्याच्या महाविद्यालयात होते. प्रयोगशाळेच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा उतार दिसे, आणि उन्हाळ्यात त्यावरचे गवत पिवळे पडले की माया काम करता करता थांबून तिकडे बघत राही. ती म्हसवडच्या पलीकडची. तिचे वडील तात्याबा मेंढरे घेऊन अर्धे वर्ष मुलूख पालथा घालत, आणि माया आश्रमशाळेतून वसतिगृहात, वसतिगृहातून दुसऱ्या वसतिगृहात अशी शिकत आली होती. तिच्या हाताला एक विलक्षण स्थिरपणा होता. काचेची नळी ती जशी धरी, तसे कृष्णातने कुणाला काही धरताना पाहिले नव्हते.

वलय खालूनच का बसते हे त्याला पुस्तकातून कळले होते. समजले ते मायामुळे.

"हे बघ," फळ्यावर सहा कोपरे काढून ती म्हणाली होती, "माझे वडील रानात वाघर लावायचे. मेंढरांभोवतीची जाळी. तिच्या एका अंगाला कुत्रं बसलेलं असलं की मेंढरू त्या अंगानं आत शिरत नाही. वळसा घालून दुसऱ्या अंगानं येतं. हा बाजूच्या कोपऱ्यावरचा गट आहे ना, ते आपलं कुत्रं. ते वर बसलंय. म्हणून पॅलेडियम खालून येतं, आणि सोबत आणलेलं वलय खालूनच चिकटवतं."

"आणि मग कुत्र्याचं काय होतं?"

"ते उठून जातं. पॅलेडियमबरोबरच."

कृष्णातने मान डोलावली होती. त्या रेणूत, जो निघून जाणार आहे तोच येणाऱ्याची बाजू ठरवून जातो, हे त्याच्या मनात खूप नंतर आले. तोवर माया निघून गेली होती.

पहिल्यांदा ते संयुग तयार झाले तेव्हाही पाकच होता. मायाने फ्लास्कच्या तोंडाला चांदीचा कागद लावला, त्याला टाचणीने भोके पाडली आणि तो आपल्या कपाटात ठेवला. तेवढ्यात तात्याबा पडल्याचा निरोप आला आणि ती गावी गेली. परत येऊन तिने कपाट उघडले, तर फ्लास्कच्या बुडाशी रानातल्या कुसळांसारख्या बारीक, चमकत्या सुया उभ्या होत्या. ती ओरडली नाही. तिने फक्त कृष्णातला हाक मारली, आणि दोघे कपाटापुढे उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

त्यानंतर त्या खोलीत ते संयुग दर वेळी आपोआप धरू लागले. सर हसून म्हणत, "आता इथल्या हवेतच बीज आहे." हे खरेच असते. एकदा स्फटिक धरला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण काचेवर, चमच्यांवर, कपड्यांवर, हवेत राहतात, आणि पुढच्या पाकाला कसे रचायचे ते दाखवून देतात. बाजूविषयी तेव्हा कुणाला शंका नव्हती; म्हणून ते स्फटिक क्ष-किरण तपासणीला कुणी पाठवले नाहीत. पुढच्या पायरीसाठी कृष्णातने ते सगळे विरघळवून वापरून टाकले.

मग एकाच उन्हाळ्यात सगळे विस्कटले. मायाची शिष्यवृत्ती संपली. तात्याबांनी अंथरूण धरले. आणि संस्थेने सरांची बदली सांगलीला केली. कृष्णात सरांबरोबर जाणार होता. माया जाणार नव्हती. शेवटच्या दिवशी तिने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि दारात उभी राहून विचारले, "काही राहिलं का?"

"नाही," कृष्णात म्हणाला.

ती क्षणभर थांबली आणि गेली.

ती गेल्यावर त्याने प्रयोगशाळा बांधायला घेतली. घर बदलताना खरकटे भांडे नव्या उंबऱ्याच्या आत न्यायचे नाही, हा त्याच्या आईचा, रंगूबाईचा दंडक. बिऱ्हाड हलवायचे म्हणजे आधी सगळी भांडी राखेने घासून, पुसून, उन्हात पालथी घालायची. कृष्णातने तेच केले. प्रत्येक फ्लास्क त्याने क्षाराच्या पाण्यात बुडवला, आम्लाने खंगाळला, अॅसिटोनने धुतला. चमचे, नळ्या, बुचे, तराजूची पारडी, कपाटाचे कप्पे, सगळे. आईचा दंडक हे कारण होतेच; पण मायाच्या बोटांचे ठसे असलेली काच जशीच्या तशी कागदात गुंडाळणे त्याला जमले नसते, हेही होते. आपण तिच्या कामाचा मान राखतो आहोत असे त्याला त्या वेळी वाटले होते.

*

"बीज कुठं आहे?" सरांनी आता विचारले. फ्लास्क बर्फात ठेवून झाला होता, काचेच्या कांडीने आतून खरवडून झाला होता, द्रावक बदलून झाले होते. "साताऱ्याहून आणलेली काच काढ. न धुतलेलं एखादं तरी भांडं असेल."

"सर, सगळी धुतली होती."

"सगळी?"

"चमचेसुद्धा."

सरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "अरे, दही लावायचं म्हटलं तर जुन्या दह्याचं बोट तरी ठेवतात लोक. इतकं स्वच्छ कुणी करतं का?" मग थोड्या वेळाने, दाराकडे जाताना, ते म्हणाले, "मायाला विचार. ती काही टाकून देणारी मुलगी नव्हती."

सर गेल्यावर यशराज म्हणाला, "तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत घालू की. मुलगा भांडी चांगली घासतो." कृष्णात फ्लास्ककडेच बघत राहिला तेव्हा तो जरा थांबला. "माया म्हंजे त्या कोरेगावला शिकवत्यात त्या? मग फोन कर की गड्या. नंबर न्हाई व्हय?"

नंबर होता. इतक्या वर्षांत तो कधी लावला नव्हता. तात्याबा वारल्याचे कळले तेव्हासुद्धा त्याने एक मजकूर लिहिला, चार वेळा वाचला आणि पुसून टाकला होता. आता त्याने लिहिले, 'तुझ्याकडे आपले ते स्फटिक आहेत का? असतील तर येऊ का?' आणि पुसायची संधी आपल्याला मिळू नये म्हणून डोळे मिटून पाठवले.

उत्तर एका शब्दाचे आले. 'ये.'

*

सांगलीहून कोरेगावला रेल्वे थेट जाते. खिडकीशी बसून कृष्णात तुटलेल्या उसाचे मोकळे पट्टे बघत राहिला. मळीचा तो आंबूस वास डब्यात शिरत होता, विरत होता, पुन्हा शिरत होता. ताकारी गेले, कऱ्हाड गेले, मसूर गेले. मनात तो वाक्ये जुळवत होता आणि प्रत्येक वाक्यात स्फटिक हा शब्द येत होता. स्फटिकाशिवायचे एकही वाक्य त्याला तयार करता येईना. आपण आयुष्यभर तिच्याकडे कामापुरतेच काही मागत आलो आहोत हे त्याला रहिमतपूरच्या आसपास जाणवले. एक चमचा, एक बूच, एक मोकळा बर्नर. ती देत आली होती, आणि घेताना त्याने कधी मान वर केली नव्हती.

बाजारामागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखालच्या वरच्या खोलीत माया आणि तिची आई राहत होत्या. दारातच बनाबाई सुपात घेवडा निवडत बसल्या होत्या.

"या. तुमीच व्हय कृष्णात?" त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "लय वाळलायसा. सांगलीत जेवाय घालत न्हाईत व्हय? माया, आलं बग गं तुजं पावनं."

माया कनिष्ठ महाविद्यालयातल्या तासावरून नुकतीच परतली होती. बाहीला खडूची पांढरी रेघ होती. ती किंचित बारीक झाली होती, आणि हसली तेव्हा पूर्वीसारखीच दिसली. तिने त्याला पाणी दिले, समोर बसली आणि विचारले, "पाक केवढा घट्ट आहे?"

तो सांगू लागला. ती पुढे पुढे सरकत ऐकू लागली. कुठले द्रावक, किती थंड, कागदाला भोके किती मोठी? नव्या खोलीतला धूर ओढणारा पंखा नीट चालतो का? पदार्थ वेगळे करायचा कॉलम अजून तो स्वतःच भरतो का? शेवटी पॅलेडियम काळे पडते का?

"पडतं," तो म्हणाला. "काचेवर धरतं."

"आरशासारखं." ती थांबली. "मला ते फार आवडायचं. धुवायला जीव जायचा, पण आवडायचं. इथं आम्ही मुलांना परीक्षेपुरता पिवळा साका दाखवतो, आणि मुलं विचारतात, मॅडम, हा परीक्षेला येणार आहे का?"

"साताऱ्याच्या काचेत बीज राहिलं नाही," कृष्णात म्हणाला. "मी सगळी धुतली होती."

"सगळी?" तिने अगदी सरांच्या सुरात विचारले आणि मग ती मनापासून हसली.

"का हसतीस गं त्येला?" आतून बनाबाई म्हणाल्या. "भांडी घासली म्हून कुणी हसतंय व्हय? तुज्या भनीचा दादला येक ताट उचलत न्हाई."

मायाने सुईदोऱ्याच्या डब्यातून एक छोटी काचेची बाटली काढली. बूच मेणाने बंद केलेले होते. तळाशी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, त्या सुया होत्या. कुसळांसारख्या, तशाच चमकत्या.

"मी तर खडीसाखर समजून येकदा च्यात घालणार हुते," बनाबाई म्हणाल्या. "ही वाघावाणी धावून आली अंगावर."

"ने," माया म्हणाली. "सगळी ने. इथं तिचा काय उपयोग?"

कृष्णातने हात पुढे केला. बाटलीचे एक टोक त्याच्या चिमटीत आले. दुसरे टोक मात्र तिच्या बोटांतून लगेच सुटले नाही. तो क्षणभराचाच विलंब होता आणि बहुधा तिला स्वतःलाही तो जाणवला नव्हता. पण ज्या माणसाने ती बोटे वर्षानुवर्षे चोरून पाहिली होती त्याच्या तो लक्षात आला. या खोलीत तिने घरातल्या माणसाच्या आठवणीसारखे जपून ठेवलेले असे हे एवढेच होते, आणि तो ते घेऊन जाणार होता.

त्याने चिमटी सोडली.

"एक कण पुरेसा आहे," तो म्हणाला. "आणि तो मी टाकणार नाही. तू ये."

"बीज टाकायला काय लागतं? सुईच्या टोकावर घ्यायचं आणि सोडायचं."

"ते तुझ्या हातचे होते."

बोलून झाल्यावर त्याचे कान तापले. इतक्या वर्षांत तिच्याशी बोललेले हे त्याचे पहिले वाक्य होते, ज्यात कामाचे काही नव्हते. आणि तरी ते कामाचेच वाटावे इतके झाकलेले होते.

"रविवारी जादा तास असतो," माया म्हणाली.

"आसूं दे की तास," बनाबाईंनी सूप खाली ठेवले. "हितं तरी काय करतीस? सांच्याला भिताडाकडं बघत बसतीस. जा. पोरं कुटं पळून जात न्हाईत."

*

रविवारी सांगलीच्या प्रयोगशाळेत तिसरे कुणी नसेल असे कृष्णातला वाटले होते. यशराज मात्र मुद्दाम आला होता, केसांना पाणी लावून.

"मॅडम, तुमच्याबद्दल लय ऐकलंय," तो म्हणाला.

"कुणाकडून?"

"तेच की. ह्यो तर काय बोलत न्हाई. न बोलण्यातनंच ऐकलंय." एवढे म्हणून तो चहा आणायच्या निमित्ताने शहाणपणाने बाहेर गेला.

मायाने ओढणी कमरेला खोचली, पांढरा कोट चढवला, हात धुतले. कुठे काय आहे हे तिने विचारले नाही. कृष्णातने सगळे साताऱ्याच्या क्रमानेच मांडलेले होते, आणि तिचा हात न बघता बरोबर जागी जात होता. तिने पाक कोमट केला, थेंब थेंब द्रावक घातले, किंचित गढूळपणा येताच थांबली. मग फ्लास्क पूर्ण निवू दिला. त्या वेळात ती खिडकीशी उभी राहून खोलीभर बघत होती. पंख्याकडे, बाटल्यांच्या रांगांकडे, कोपऱ्यातल्या घरघरणाऱ्या पंपाकडे. कृष्णात तिच्याकडे बघत होता.

तिने बाटलीचे मेण फोडले. सुईच्या टोकावर एक कण घेतला आणि सोडला.

कण पृष्ठभागावर टेकला. पहिल्यांदा काहीच झाले नाही. मग त्याच्याभोवती एक पांढरे रोम उमटले, त्याला दुसरे फुटले, आणि थंडीत काचेवर दव पसरावे तशा सुया सर्व बाजूंनी धावत सुटल्या. महिनाभर हट्टाने न बोलणारा तो पाक बघता बघता भरून आला. मायाने फ्लास्कचे बूड तळहातावर धरले होते.

"गरम लागतंय," ती हळूच म्हणाली. "धरताना ऊब सोडतंय. हात लावून बघ."

तिने हात काढला तिथेच त्याने आपला तळहात ठेवला. काच उबदार होती. ती ऊब स्फटिकांची होती की आत्ताच उचललेल्या हाताची, हे त्याला ठरवता आले नाही; आणि ठरवावेसे वाटले नाही.

त्याने वर पाहिले. मायाचा चेहरा उजळून निघाला होता. तसा आनंद त्याने साताऱ्यात, कपाटापुढे उकिडवे बसून, एकदाच पाहिला होता. इतकी वर्षे त्याने तो चेहरा मनात जपला होता आणि त्यात आपलाही काही वाटा आहे असे मानले होते. आज तो शेजारी उभा राहून स्वच्छ बघत होता: ती नजर फ्लास्कवर होती. तेव्हाही ती फ्लास्कवरच होती.

सर दुपारी डोकावले, फ्लास्क उजेडात फिरवून पाहिला. "हात अजून तसाच आहे तुझा," ते मायाला म्हणाले. तिने मान खाली घातली आणि टेबलावरचा न सांडलेला थेंब पुसला.

त्यातले थोडे पुन्हा विरघळवून, क्ष-किरणांना पुरतील असे मोठे स्फटिक सावकाश वाढायला ठेवून, दोघे स्टेशनवर आले. ऊन कलले होते. फलाटावर ऊसतोडीच्या माणसांचा एक तांडा गाठोड्यांवर बसून भाकरी खात होता. गाडीला उशीर होता.

"साताऱ्याला शेवटच्या दिवशी तू विचारलं होतंस," कृष्णात रुळांकडे बघत म्हणाला, "काही राहिलं का म्हणून. राहिलं होतं."

"मला ठाऊक होतं."

ती इतक्या सहजपणे बोलली की त्याला तिच्याकडे बघावेच लागले.

"मी दारात थांबले होते ना," ती म्हणाली. "तू बोलला असतास तर मी हो म्हणाले असते. आज कडेगावला तुमच्या घरी असते, आणि तुझ्या आईच्या धाकात भांडी घासत असते." ती जराशी हसली, मग हसू गेले. "तुला मी खोटं सांगणार नाही. इतके दिवस मला वाटायचं, आपलं मन चुकचुकतंय ते तुझ्यासाठी. आज सकाळी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि कळलं, मी तुझी वाट बघत नव्हते. मला ते काम हवं होतं. तू त्या कामात असायचास, म्हणून तू आठवायचास."

गाठोड्यांजवळ एक लेकरू रडू लागले आणि त्याच्या आईने त्याला उसाचे कांडे दिले.

"राग आला?"

"नाही," कृष्णात म्हणाला, आणि ते खरे होते. राग जिथे यायला हवा होता तिथे काही दुसरेच येऊन बसले होते. ते जड होते, पण अनोळखी नव्हते. "मला तू कामाशिवायही आठवायचीस. एवढंच सांगायचं होतं."

"सांगितलंस ते बरं झालं."

गाडी आली. ती खिडकीशी बसली. काहीतरी बोलायला तिने ओठ उघडले, पण गाडी हलली आणि तिने नुसता हात वर केला.

*

पुण्याहून क्ष-किरणांचे चित्र आले तेव्हा कृष्णात प्रयोगशाळेत एकटाच होता. पडद्यावर ठिपके आणि रेषा होत्या. साखरेच्या इतर कोपऱ्यांच्या बाजू आधीपासून ठाऊक असल्यामुळे उरलेल्या एकीचा निकाल एका नजरेत लागला. त्याने सरांच्या आधी मायाला फोन लावला.

"खालून," तो म्हणाला.

पलीकडे मुलांचा गलका होता. तो दूर गेला. ती वर्गाबाहेर आली असावी.

"स्पष्ट आहे?"

"शंकेला जागा नाही. सरांशी बोललो होतो आधीच. शोधनिबंधात तुझं नाव पहिलं असेल."

ती गलक्यापासून आणखी दूर गेली. मग म्हणाली, "सरांना एक विचारशील? माझी विद्यापीठातली नोंदणी अजून जिवंत आहे का? मी विचारलं तर ते भिडेनं हो म्हणतील. तू विचारलंस तर खरं सांगतील."

"विचारतो."

"सांगलीत खोली मिळेल ना? आई येते म्हणाली. मेंढरं गेली तेव्हापासून तिला कुठंही चालतं, म्हणते."

"मिळेल."

घंटा वाजली. "तास आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

सरांनी ऐकून घेतले. "मुदत उलटून गेली आहे," ते म्हणाले. "विनंती करून बघू. विद्यापीठाच्या मनात असेल तर होईल, नाहीतर नाही. आत्ता काही सांगता येत नाही."

त्या दिवशी दुपारी कृष्णातने आपल्या कामाच्या ओट्यावरच्या वस्तू भिंतीकडे सरकवायला सुरुवात केली. ढवळण्याचे यंत्र, बाटल्या, फ्लास्क ठेवायची कडी, बर्फाची पेटी. खिडकीकडची अर्धी बाजू, जिथे उजेड चांगला येतो आणि पाणी हाताशी आहे, ती त्याने रिकामी केली आणि ओल्या फडक्याने पुसली.

यशराज आला, बघत उभा राहिला. थोड्या वेळाने विसरून त्याने आपली हेक्झेनची बाटली त्या मोकळ्या जागेत ठेवली. कृष्णातने ती उचलली आणि त्याच्या हातात परत दिली.

"अरं, पण ती यायला अजून..." यशराज म्हणाला, आणि वाक्य अर्धे सोडून बाटली घेऊन आपल्या जागी गेला.

ती येईल की नाही हे कृष्णातला ठाऊक नव्हते. आली तरी त्याच्यासाठी येणार नव्हती, हे मात्र ठाऊक होते. रोज संध्याकाळी खिडकीतून ऊन त्या रिकाम्या काळ्या दगडावर येई, हळूहळू सरकत कडेपर्यंत जाई आणि उतरे. तोवर त्याचे काम चालू असे, भिंतीकडच्या अर्ध्या भागात, हातांची कोपरे अंगाशी आवळून.